लॉग टेबल, कॅल्क्युलेटर आणि अकरावी-बारावीचे विज्ञान

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांवर लॉग टेबल वापरण्यास परवानगी आहे आणि कॅल्क्युलेटर वापरण्यास नाही, अशी सूचना छापलेली असते. वसई, नालासोपारा किंवा विरार येथील एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने कोणता कॅल्क्युलेटर घ्यावा, हा प्रश्न म्हणूनच दुकानाच्या काउंटरवर सुटत नाही; त्याचे उत्तर परीक्षेच्या नियमांत दडलेले आहे आणि त्या नियमांमागे गणन म्हणजे काय, विद्यार्थ्याने त्यातले किती स्वतः करावे व किती यंत्रावर सोपवावे, यासंबंधीची एक धारणा आहे. ती धारणा तपासल्याशिवाय यंत्राची निवड केली, तर पालकांचे पैसे खर्च होतात, यंत्र दप्तरात येते आणि ते कसे वापरायचे हे मात्र शेवटपर्यंत कोणीही शिकवत नाही.

आधी वसई-विरारमधल्या विद्यार्थ्यासमोरची वस्तुस्थिती पाहावी लागेल. राज्य मंडळाच्या लेखी परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही. अभियांत्रिकीसाठीच्या जेईई मेन व एमएचटी-सीईटीत नाही. वैद्यकीयसाठीच्या नीटमध्येही नाही. तोच विद्यार्थी बारावीनंतर वसई रोडच्या विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा विरारजवळच्या शिरगाव येथील विवा तंत्रशास्त्र संस्थेत दाखल झाला, की काही महिन्यांतच त्याच्याकडून सायंटिफिक कॅल्क्युलेटर सफाईने चालवता येण्याची अपेक्षा केली जाते आणि तिथल्या वर्गात ‘कॅल्सी’ नसलेला विद्यार्थी अडून बसतो. पुढे गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा दिली, तर संगणकाच्या पडद्यावरच एक कॅल्क्युलेटर पुरवलेला असतो. देशातल्याच दुसऱ्या एका मंडळाने, म्हणजे आयएससी परीक्षा घेणाऱ्या परिषदेने, बारावीच्या विद्यार्थ्यांना कॅसिओ एफएक्स-८२एमएस किंवा त्याच्या तोडीचे यंत्र वापरण्याची मुभा दिलेली आहे. एकाच वयाच्या, एकाच लोकलने प्रवास करणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला जे साधन परीक्षेत हाताशी असते, ते दुसऱ्याच्या बाबतीत गैरप्रकार ठरते. हा भेद गणिताच्या स्वरूपातून आलेला नाही, तो मंडळांच्या इतिहासातून आला आहे.

तो इतिहास थोडक्यात असा. स्कॉटलंडच्या जॉन नेपियर याने १६१४ मध्ये लॉगॅरिदमची कल्पना प्रसिद्ध केली आणि हेन्री ब्रिग्ज याने ती दहाच्या पायावर आणून व्यवहारोपयोगी कोष्टके तयार केली. एखादी संख्या मिळवण्यासाठी दहाचा कितवा घात घ्यावा लागतो, ते सांगणारा आकडा म्हणजे त्या संख्येचा लॉग; घातांकांच्या नियमांमुळे गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी होते आणि वर्गमूळ काढायचे तर लॉगला दोनने भागले की भागते. पुढची साडेतीनशे वर्षे खगोलशास्त्र, नौकानयन आणि अभियांत्रिकी या कोष्टकांवर चालली. राज्य मंडळ १९६६ मध्ये सुरू झाले, तेव्हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर जगात कुठेच नव्हता. ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा तशा प्रकारचा पहिला कॅल्क्युलेटर १९७२ मध्ये आला आणि त्याची किंमत ३९५ डॉलर होती. त्या काळी लॉग टेबल हे सर्वांना परवडणारे एकमेव साधन होते आणि त्याला परवानगी देणे हा समंजस निर्णय होता. आज सायंटिफिक कॅल्क्युलेटर काही शे रुपयांत मिळतो. म्हणजे ज्या कारणासाठी लॉग टेबल स्वीकारले गेले, ते कारण आता कॅल्क्युलेटरलाही लागू पडते.

कॅल्क्युलेटरबंदीच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते की, विद्यार्थ्याने आकडेमोड स्वतःच्या बुद्धीने करावी. हा युक्तिवाद लॉग टेबलाला दिलेल्या परवानगीसमोर टिकत नाही, कारण लॉग टेबल हा स्वतःच कागदावर छापलेला कॅल्क्युलेटर आहे. त्यातला आकडा विद्यार्थी काढत नाही, तो शोधतो. साध्या लंबकाचा प्रयोग घेतला, तर हे स्पष्ट होते. लंबकाची लांबी १.०० मीटर आणि एका आंदोलनाचा काळ २.०१ सेकंद मिळाला, तर गुरुत्व त्वरण काढण्यासाठी ४π² म्हणजे ३९.४८ या संख्येला २.०१ च्या वर्गाने, म्हणजे सुमारे ४.०४० ने, भागायचे असते. लॉग टेबलात ३९.४८ चा लॉग १.५९६४ आणि ४.०४० चा ०.६०६४ मिळतो, वजाबाकी ०.९९०० येते आणि अँटिलॉगच्या कोष्टकात त्यासमोर ९.७७२ हे उत्तर सापडते. कॅल्क्युलेटर तेच उत्तर ९.७७१६४ असे सुरू करून पडदा भरेपर्यंत आकडे दाखवतो. दोन्ही रीतींमध्ये विद्यार्थ्याच्या बुद्धीचा वाटा सारखाच आहे: कोणत्या संख्येला कशाने भागायचे हे त्याने ठरवले, पुढचे काम साधनाने केले.

तरीही या दोन उत्तरांमध्ये एक फरक आहे आणि बंदीच्या समर्थकांच्या म्हणण्यातला खरा अंश तिथेच सापडतो. चार अंकी लॉग टेबल वापरणाऱ्याला चौथ्या अंकापुढे जाताच येत नाही. त्यामुळे मोजमापात नसलेली अचूकता उत्तरात घुसत नाही. काळ तीन अंकांपर्यंतच मोजला असेल, तर उत्तर ९.७७ इतकेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते. विश्वासार्ह असलेल्या अशा अंकांना सार्थ अंक म्हणतात. कॅल्क्युलेटरवर आलेले दहाही अंक जर्नलमध्ये उतरवणारा विद्यार्थी, त्याला कळत नसले तरी, आपल्या घड्याळाने सेकंदाचा अब्जावा भाग मोजला असा दावा करत असतो. शिवाय लॉग टेबल वापरताना लॉगचा पूर्णांक भाग, ज्याला मुले ‘कॅरेक्टरिस्टिक’ म्हणतात, तो स्वतः ठरवावा लागतो. संख्या शेकड्यांत आहे, हजारांत आहे की दशांश चिन्हाच्या पलीकडे आहे, हे ओळखल्याशिवाय तो ठरत नाही. संख्येच्या आकारमानाचा हा अंदाज विज्ञानातली मोठी शिदोरी आहे आणि कॅल्क्युलेटर ती आपोआप देत नाही. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष कॅल्क्युलेटर दूर ठेवावा असा नसून, सार्थ अंक आणि आकारमानाचा अंदाज या गोष्टी कॅल्क्युलेटर हातात देऊनच, जाणीवपूर्वक शिकवाव्यात, असा आहे.

मराठी समाजात तोंडी हिशेबाविषयी जी आस्था आहे, तिचाही इथे विचार करणे आवश्यक आहे. जुन्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेतली जात असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. अपूर्णांकांचे पाढे पाठ असणारी माणसे बाजारात कागदाला हात न लावता हिशेब चुकता करत आणि त्या पिढीला कॅल्क्युलेटरविषयी वाटणारी शंका आदरानेच ऐकून घेतली पाहिजे. मात्र ती कौशल्ये प्राथमिक शाळेत रुजतात, किंवा तिथे रुजायची राहून जातात. पाढे न येणाऱ्या मुलाला सोळाव्या वर्षी लॉग टेबल दिल्याने पाढे येत नाहीत.

वसई-विरारच्याच जिल्ह्यातले एक उदाहरण या चर्चेत महत्त्वाचे आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून आयुष्य घालवताना कापरेकरांनी संख्यांचे जे गुणधर्म शोधले, त्यांपैकी ६१७४ ही संख्या जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया करत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. कापरेकरांचे जन्मवर्ष घेतले, तर ९५१० मधून ०१५९ वजा जाऊन ९३५१ उरतात, पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीवर ६१७४. या वजाबाक्या कॅल्क्युलेटरवर केल्या काय किंवा पाटीवर केल्या काय, उत्तरे तीच येतात. परंतु वाटेतल्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ येते, म्हणजे प्रत्येक संख्या नऊने विभाज्य आहे, ही गोष्ट यंत्र सांगत नाही. ती ज्याच्या लक्षात येते आणि ‘असे का?’ हा प्रश्न ज्याला पडतो, तो गणित करत असतो. पन्नास संख्यांवर हा प्रयोग करून पाहायचा असेल, तर कॅल्क्युलेटर त्या प्रश्नापर्यंत लवकर पोहोचवतो. गणिती कुतूहल आणि यंत्र यांच्यात वैर असल्याचे समजण्याचे काहीच कारण नाही.

शिक्षणशास्त्रातल्या संशोधनाचा कलही याच बाजूला आहे. रे हेम्ब्री आणि डोनाल्ड डेसार्ट यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कॅल्क्युलेटरमुळे विद्यार्थ्यांची मूलभूत कौशल्ये खालावत नाहीत असे दिसले. अपवाद आढळला तो चौथीच्या वर्गाचा. २००३ मध्ये एमी एलिंग्टन यांनी घेतलेल्या अशाच आढाव्यात त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. कॅल्क्युलेटर शिकवण्यात आणि परीक्षेत अशा दोन्ही ठिकाणी असेल, तेव्हा विद्यार्थ्यांची आकडेमोडीची व उदाहरणे सोडवण्याची क्षमता सुधारते. परीक्षेत तो नसेल, तर परिणाम संमिश्र राहतात. महाराष्ट्रातल्या विज्ञान शाखेची स्थिती नेमकी या दुसऱ्या प्रकारची आहे. यंत्र घरात आहे, परीक्षेत नाही आणि म्हणून वर्गातही नाही.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळता येईल. दुकानदाराच्या टेबलावरचा मोठ्या बटणांचा साधा कॅल्क्युलेटर विज्ञानाच्या विद्यार्थ्याला उपयोगाचा नाही, कारण तो बटणे दाबली जातील त्या क्रमाने हिशेब करतो. २ + ३ × ४ असे दाबले, तर तो २० दाखवतो. सायंटिफिक कॅल्क्युलेटर गुणाकार आधी हा बीजगणिताचा संकेत पाळून १४ दाखवतो. पण संकेतही सर्व यंत्रांत एकसारखे नसतात. ६ ÷ २(१ + २) या मांडणीत गुणाकाराचे चिन्ह लिहिलेले नसल्यामुळे कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस २(१ + २) हा एक गट मानून उत्तर १ देतो, तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ डावीकडून उजवीकडे जाऊन ९ देतो. त्यामुळे निवड कोणत्याही यंत्राची झाली, तरी पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याने उत्तरे आधीच माहीत असलेली वीस-पंचवीस उदाहरणे त्यावर करून त्या यंत्राचे संकेत ओळखून घेणे अत्यावश्यक आहे. कंस सढळ हाताने वापरण्याची सवय याच वेळी लागते.

चुका कुठे होतात हे पाहिले, की कोणती सोय महत्त्वाची हे आपोआप कळते. पहिली चूक कोनाच्या एककाची: यंत्र रेडियनवर राहिले असेल, तर साइन ३० चे उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येते, म्हणून पडद्याच्या वरच्या कडेला डिग्रीचे किंवा रेडियनचे अक्षर ठळक दिसणारे यंत्र घ्यावे. दुसरी चूक दहाच्या घाताची आणि तिचा फटका रसायनशास्त्रात बसतो. हायड्रोजन आयनांची संहती १.८ × १०⁻⁵ असेल, तर पीएच, म्हणजे त्या संहतीच्या लॉगचे उलट चिन्ह घेतलेले मूल्य, ४.७४ येते. एफएक्स-८२एमएससारख्या यंत्रावरचे ‘ईएक्सपी’ हे बटण ‘गुणिले दहाचा घात’ एवढे सगळे एकट्यानेच लिहिते, हे माहीत नसलेला विद्यार्थी आधी ‘× १०’ दाबतो आणि मग ते बटण दाबतो; संहती दसपट होते, पीएच ३.७४ येतो आणि उत्तर सुबक दिसत असल्यामुळे शंकाही येत नाही. नव्या यंत्रांवर याच बटणावर ‘× १०’ छापलेले असते, त्यामुळे ही चूक टळते. वर लॉगच्या पूर्णांक भागाविषयी जे म्हटले, त्याची किंमत इथे कळते: १०⁻⁵ च्या आसपासची संख्या आहे, म्हणजे पीएच चार आणि पाच यांच्या दरम्यान असणार, हा अंदाज ज्याला आधीच बांधता येतो, तो अशा चुकीत फसत नाही.

पडद्याचा प्रश्न वसई-विरारमधल्या अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत भाषेशी जोडलेला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले अकरावीला विज्ञान शाखेत येतात, तेव्हा पुस्तके आणि शिकवणे बहुतांशी इंग्रजीत सुरू होते. त्यात यंत्राची माहितीपत्रिका बारीक इंग्रजी टाइपात असते. एफएक्स-८२एमएस व एफएक्स-९९१एमएस या मालिकेत राशी एका ओळीत लिहावी लागते आणि अपूर्णांक, मूळ, घात यांची मांडणी मनात उलगडावी लागते. ईएस मालिकेपासून पुढच्या यंत्रांत राशी पाठ्यपुस्तकातल्यासारखीच, छेदावर अंश आणि मुळाच्या चिन्हाखाली संख्या, अशी दिसते. टायपिंगची चूक डोळ्यांना दिसणे हे शिकणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने परवडत असेल, तर पाठ्यपुस्तकी पडद्याचेच यंत्र घ्यावे, असे इथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

फलनांच्या संख्येला मात्र महत्त्व देऊ नये. एफएक्स-८२एमएसवर २४० आणि एफएक्स-९९१ईएस प्लसवर ४१७ फलने असल्याचे खोक्यावर लिहिलेले असते, पण अकरावी-बारावीला त्यांतली मूठभरच लागतात: त्रिकोणमिती, लॉग व त्याचा व्यस्त, घात, स्मृती आणि संख्याशास्त्राचा विभाग. या शेवटच्या विभागाकडे दुर्लक्ष होते आणि ते खेदजनक आहे. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात विद्युतदाब व विद्युतधारा यांच्या नोंदी घेऊन आलेखावर सरळ रेषा ओढायची असते. त्याच नोंदी संख्याशास्त्राच्या विभागात भरल्या, तर यंत्र त्या बिंदूंना सर्वांत जवळून जाणाऱ्या रेषेचा चढ देते आणि हाताने ओढलेल्या रेषेशी तो ताडून पाहता येतो. ही सोय स्वस्तातल्या एफएक्स-८२एमएसवरही आहे. उलट ९९१ वरची निश्चित संकलनाची सोय बारावीच्या विद्यार्थ्याला फसवू शकते. १/(१ + x²) या फलनाचे शून्य ते एक या मर्यादांतले संकलन यंत्र ०.७८५३९८१६३४ असे आकड्यात देते; ते π/४ आहे, आणि ते व्यस्त टँजंट फलनातून का येते, हे उत्तरपत्रिकेत लिहायचे असते व तेच शिकायचे असते. यंत्राने उत्तर पडताळून पाहण्यास हरकत नाही, पण आधी पायऱ्या कागदावर उतरायला हव्यात.

आलेख काढणाऱ्या महागड्या यंत्रांविषयी थोडक्यातच सांगता येईल. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट म्हणजे आयबी अभ्यासक्रमात ती लागतात. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने त्यांवर दहा हजारांच्या पुढे खर्च करू नये. जिओजेब्रा व डेस्मॉस ही साधने फोनवर विनामूल्य आहेत आणि आलेख पाहून समज वाढवण्याचे काम त्यांवर उत्तम होते.

हे सारे विचारात घेता, अभियांत्रिकीला जाण्याचा निश्चय नसलेल्या विद्यार्थ्याला एफएक्स-८२एमएसच्या श्रेणीचे यंत्र पुरेसे आहे. ज्याला अभियांत्रिकीला जायचे आहे, त्याने अकरावीतच हजार-दीड हजारांच्या घरातले एफएक्स-९९१ईएस प्लस किंवा तत्सम, सौरपट्टी व सेल अशा दोन्हींवर चालणारे आणि प्रोग्रॅम साठवता न येणारे यंत्र घ्यावे, म्हणजे तेच पुढे चार वर्षे चालेल. बनावट माल टाळण्यासाठी ते पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावे. वापर ठेवावा तो प्रयोगशाळेच्या नोंदींसाठी आणि हाताने सोडवलेली उदाहरणे पडताळण्यासाठी; परीक्षेच्या सरावाच्या वेळी मात्र यंत्र बाजूला ठेवून लॉग टेबलच वापरावे, कारण परीक्षेत तेच हातात असणार आहे.

मंडळाने करण्यासारखी गोष्टही अवघड नाही. आयबीच्या गणित विश्लेषण या विषयात पहिली प्रश्नपत्रिका कॅल्क्युलेटरविना आणि दुसरी कॅल्क्युलेटरसह असते. केंब्रिजच्या आयजीसीएसई गणितातही २०२५ पासून कॅल्क्युलेटरविना सोडवण्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली आहे. बारावीच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका अशाच दोन भागांत विभागावी: एका भागात संकल्पना, सूत्रांची सिद्धता आणि साध्या संख्यांची उदाहरणे यंत्राविना असावीत, आणि दुसऱ्यात प्रयोगशाळेतून आल्यासारखे वेडेवाकडे आकडे देऊन, मंडळाने ठरवून दिलेल्या एकाच साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरच्या श्रेणीला परवानगी द्यावी व उत्तर योग्य सार्थ अंकांत लिहिण्याला गुण ठेवावेत. ज्यांना यंत्र घेणे परवडत नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयांनी प्रयोगशाळेच्या साहित्याप्रमाणे काही यंत्रे ठेवावीत. तराजू आणि मीटर ब्रिज जिथे ठेवले जातात, तिथे वीस कॅल्क्युलेटर ठेवणे जड नाही. नियम बदलेपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही. वसई-विरारमधल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी येत्या सत्रात अकरावीच्या प्रात्यक्षिकांचा एक तास कोनाचे एकक, दहाचा घात, कंस आणि सार्थ अंक यांसाठी राखून ठेवावा, अशी त्यांना विनंती आहे.